रॉक कॉन्सर्टची जुनी कॅसेट: आधी स्क्रूड्रायव्हर, मग सॉफ्टवेअर

प्रेक्षकांत बसून कुणीतरी रेकॉर्ड केलेली कॅसेट हाती आली की बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडतात. इथेच सुरुवात चुकते. डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) हेडने, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाने, जे उचललंच नाही, ते कुठलंही प्लगइन परत आणत नाही. निम्मी डागडुजी संगणक सुरू करण्याआधीच व्हायला हवी.

आधी कॅसेट तपासा. टेपला हेडवर दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी गोंद सुकून गळालेली असेल, तर वरचे सूर गायब होतात. कवच स्क्रूचं असेल तर उघडून गादी बदला. चिकटवलेलं असेल तर ते फोडून टेप पाच स्क्रूंच्या कवचात हलवा. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे गुंडाळी सारखी बसते. डेकचं हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी पिंच रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणीच बरं, कारण अल्कोहोलने रबर कडक होत जातं.

आता अझिमथ, म्हणजे हेडच्या फटीचा टेपशी असलेला कोन. टेपरच्या (कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या प्रेक्षकाच्या) मशीनचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन क्वचितच जुळतात. दोन्ही चॅनल मोनोत एकत्र करून हेडफोनवर ऐका आणि हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवा. झांजा सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. पाव फेऱ्याच्या आतच काम होतं. हे प्रत्येक बाजूसाठी वेगळं करावं लागतं. डॉल्बीचा, म्हणजे टेपची सळसळ (हिस) कमी करणाऱ्या यंत्रणेचा, निर्णय यानंतर घ्या, आधी नाही. अझिमथ चुकलेलं असताना डॉल्बी बी लावला तर त्याला वरचे सूर कमी पातळीचे वाटतात आणि तो ते आणखी दाबतो. वेष्टनावर खूण नसेल तर डॉल्बीसह आणि डॉल्बीविना असे दोन ट्रान्सफर (संगणकावरच्या नकला) करून ठेवा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किंवा ४८ किलोहर्ट्झवर करा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आसपास राहू द्या. हा कच्चा ट्रान्सफर जपून ठेवा. पुढचं सगळं त्याच्या प्रतीवर.

वेग हा सर्वांत दुर्लक्षित दोष. दोन गाण्यांमधल्या शांततेत गिटारच्या अँप्लिफायरची गुणगुण सापडते: अमेरिकेत ६० आणि १२० हर्ट्झ, युरोपात ५० आणि १००. अमेरिकेतल्या कार्यक्रमात १२०च्या जागी १२३.६ दिसलं, तर टेप ३ टक्के जलद आहे. पण ही गुणगुण नंतर घरी कॉपी करणाऱ्या डेकचीही असू शकते, म्हणून कीबोर्ड वाजतो त्या जागी ४४० हर्ट्झच्या ‘ए’शी पडताळा घ्या. केवळ स्टुडिओ अल्बमशी सूर जुळवू नका. एका अर्ध्या सुराचा फरक म्हणजे जवळजवळ ६ टक्के, आणि कित्येक बँड गिटार मुद्दाम अर्धा सूर खाली लावतात. गन्स एन रोझेस हे ठळक उदाहरण. बॅटरी उतरत गेली असेल तर रेकॉर्डर मंदावतो आणि ऐकताना सूर हळूहळू चढत जातो, तिथे दुरुस्तीही चढत्या प्रमाणातच हवी. वेग आणि सूर एकत्र बदलणारं साधं रीसँपलिंगच वापरा.

हिस कमी करताना हात आखडता घ्या. ३ ते ६ डीबीपलीकडे गेलात की झांजा पाण्याखालून वाजल्यासारख्या होतात. प्रेक्षकांचा गोंगाट हा हिस नव्हे, तो राहू द्या. माइकशेजारच्या टाळ्या एकेक निवडून खाली आणा, सरसकट लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावू नका. कॅसेटची बाजू उलटताना राहिलेली फट दुसऱ्या टेपरच्या रेकॉर्डिंगने बुजवता येते, फक्त त्याचा वेग आधी जुळवा आणि जोड कुठे आहे ते लिहून ठेवा.

सीडीसाठी प्रत करताना डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक गोंगाट) लावून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर आणा आणि ट्रॅक ५८८ सँपलच्या पटीतच कापा. सीडीचा एक सेक्टर तेवढाच असतो, नाहीतर उरलेल्या जागेत शांतता भरली जाते आणि गाण्यांच्या सांध्यावर टिकटिक ऐकू येते. मग फ्लॅक, म्हणजे आवाज न बिघडवता साठवणारा फाइलप्रकार. पातळी ८ ने फाइल फक्त लहान होते, आवाज तोच राहतो. सोबत फ्लॅक फिंगरप्रिंट आणि एमडी५ (फाइल बदलली का ते ओळखायचे आकडे) दोन्ही द्या, कारण टॅग बदलला की एमडी५ बदलतो, पण फिंगरप्रिंट फक्त आवाजाचा असल्याने तसाच राहतो.

टेपरांमधल्या अदलाबदलीत आलेली फाइल स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर) बघितल्याशिवाय पुढे देऊ नका. १६ किलोहर्ट्झवर भिंतीसारखा सरळ काप दिसला तर मध्ये एमपी३ होऊन गेल्याचा संशय घ्या. कॅसेटचे वरचे सूर उतारासारखे विरतात. एफएम प्रसारण मुळातच १५ किलोहर्ट्झपर्यंत असतं, तिथला काप हा दोष नव्हे. मिनिडिस्क (छोटी डिजिटल तबकडी) मात्र मुळातच आवाज दाबून साठवते, तेव्हा ती साखळीत असेल तर तसं नमूद करा.

प्रत्येक प्रतीसोबत टेक्स्ट फाइल हवीच: बँड, तारीख, सभागृह, शहर, सोर्स प्रेक्षकांतला, साउंडबोर्ड (कार्यक्रमाच्या मिक्सरमधून थेट घेतलेला) की एफएम, माइक, रेकॉर्डर, कॅसेटची कितवी पिढी (मूळ टेपपासून कितवी नक्कल), कुठला डेक, काय दुरुस्त केलं. माहीत नाही तिथे ‘अज्ञात’ लिहा. अंदाज लिहिला की दोन वर्षांत तोच इतिहास ठरतो.

पैसे घेऊन विकायचं नाही, हा टेपर मंडळींचा जुना दंडक. डाकेच्या काळात कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल, एवढाच व्यवहार. बँडचं धोरणही बघा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने ऑक्टोबर १९८४ पासून टेपरांसाठी वेगळी जागाच राखली. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर आज त्यांची प्रेक्षकांतली रेकॉर्डिंग्ज उतरवून घेता येतात, साउंडबोर्ड मात्र २००५ पासून फक्त ऐकता येतात. अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला कार्यक्रम यादीतून काढून टाका. आणि दुरुस्त प्रत देताना कच्चा ट्रान्सफर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा: मागणाऱ्याचे कान आणि यंत्रं तुमच्याहून चांगली असू शकतात.