पाणी पिणारी आठशे

माझी मारुती आठशे ९७ सालची, कार्ब्युरेटरवाली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर उभं राहून निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळं गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही. तरी हिचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकणासारखं हेड यांच्यामधली सीलची पट्टी, मला दोनदा बदलावं लागलं. पहिल्यांदा मी फक्त गॅस्केट बदललं, एवढीच चूक. पंधरा दिवसांनी गोव्याहून परतताना चोर्ला घाटाच्या चढाला तापमानाचा काटा पुन्हा लाल रेघेवर.

काटा वर गेला की गाडी तिथंच बाजूला घ्या. 'कणकुंबी जवळच आहे, तेवढं जाऊ' म्हणालात तर गॅस्केटवर भागलं असतं ते हेडवर जातं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला चीर पडते.

आता पारख. आमच्याकडं थंडीत सकाळी सगळ्याच गाड्यांच्या सायलेन्सरातून पांढरी वाफ येते, तिला भिऊ नका. इंजिन तापल्यावरही वाफ थांबत नसेल आणि तिला कूलंटचा गोडसर वास असेल तर संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली चिकट पांढरं दिसलं तरी लगेच हेड खोलू नका. रोज मार्केटपर्यंतच गाडी फिरवणाऱ्यांकडंही दमटपणानं ते जमतं. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ चहासारखं झालं असेल तर मात्र पाणी आत गेलंय. गार इंजिन रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. रेडिएटरात बुडबुडे थांबत नसतील, किंवा झाकण लावून चालवल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होत असेल, तर कम्प्रेशनचा गॅस पाण्यात जातोय.

पक्कं करायला कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर, लावा. तिन्ही प्लग काढायचे, इग्निशनची वायर सोडायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. माझ्या गाडीत पहिला सिलिंडर साडेअकरा किलो, दुसरा आठ, तिसरा साडेसात. शेजारचे दोन एकदम पडले की मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असण्याची शक्यता जास्त. पडलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. माझा चढला नाही. आणि तिसऱ्याचा प्लग काढला तर नवा असल्यासारखा धुतलेला! वाफेनं साफ केला होता.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेडला हात लावायचा, म्हणजे रात्रभर ठेवून. कूलंट घमेल्यात काढा आणि झाकून ठेवा, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात नि मरतात. टायमिंगच्या खुणा जुळवून त्यावर रंगाचा ठिपका द्या, मगच बेल्ट काढा. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची जागाही खुणेनं धरून ठेवा. हेडचे बोल्ट कडेकडून मधे, थोडे थोडे सैल करत या. एकेक बोल्ट सरळ काढून टाकला तर हेड वाकतं.

गॅस्केट बदलून हेड परत बसवायची घाई मी पहिल्या वेळी केली, ती इथं. हेड ॲल्युमिनियमचं, एकदा तापलं की पीळ धरतं. त्यावर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कोनांत ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालून बघा. ०.०५ मिलिमीटरचं पान सहज गेलं की फेसिंग मारायला, म्हणजे मशीनवर हेडचा तळ सपाट करायला, न्या. दुसऱ्या वेळी उद्यमबागेतल्या ओळखीच्या शॉपमध्ये नेलं, तर मशीनवरचा पोरगा पट्टी लावायच्या आधीच म्हणाला, "हेड बेंड आगेद री अण्णा." म्हणजे कानडीत, हेड वाकलंय. मला लाजच वाटली. चीर बघायला पाण्याच्या दाबाची टेस्टही करून घ्या. आणि फेसिंग लागेल तेवढंच. जास्त कापलं तर कम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

ब्लॉकचा माथा लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, पॉलिशपेपर नको, त्याची रेती सिलिंडरात पडते. बोल्टच्या भोकांत हवा मारून कोरडी करा. तळाशी पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉक फुटू शकतो. गॅस्केट कोरडंच बसवा, खुणेची बाजू वर. बोल्ट मधून कडेकडं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं, आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा घ्या. हाताचा अंदाज माझाही चुकतो.

हे सगळं झालं तरी गाडी मुळात तापली का? माझा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, अडकला होता, शिवाय कित्येक वर्षं बोअरचं पाणी घातल्यानं रेडिएटर खडूसारख्या थरानं भरलेला. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा. रेडिएटर, झाकण, होज, वॉटर पंप, फॅन लागतोय का, हे सगळं त्याच दिवशी बघून घ्या.

नवं ऑइल नि फिल्टर, डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट. झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवा, वरचा होज गरम होऊन फॅन फिरेपर्यंत बुडबुडे निघून जातील, पातळी उतरेल तशी भरत राहा, मग झाकण. मी पहिल्या दिवशी जांबोटीपर्यंतच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर कपभर कूलंट कमी निघालं, ते भरलं. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी झाकण उघडून बघितलं, पातळी हलली नाही.