‘कन्सिडर’ वापरताना ‘अबाउट’ गाळा

एखाद्या गोष्टीचा नीट, सगळ्या बाजूंनी विचार करणं यासाठी इंग्रजीत ‘कन्सिडर’ हे क्रियापद सर्रास वापरतात. आपल्याकडच्या ऑफिस ईमेलमध्ये मात्र ‘वी आर कन्सिडरिंग अबाउट युवर प्रपोजल’ असं वाक्य हमखास दिसतं. मराठीत आपण ‘प्रस्तावाबद्दल विचार करतोय’ म्हणतो, त्यातला ‘बद्दल’ तिथे जाऊन बसतो. ‘थिंक’ला ‘अबाउट’ लागतो, ‘कन्सिडर’ला नाही. ‘वी आर कन्सिडरिंग युवर प्रपोजल’, एवढंच पुरे.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. ‘आय अ‍ॅम कन्सिडरिंग टू चेंज माय जॉब’ कानाला बरोबर वाटतं, कारण ‘प्लॅनिंग टू चेंज’ बरोबर असतं. पण ‘कन्सिडर’नंतर करायची कृती ‘-इंग’ लावूनच येते: ‘आय अ‍ॅम कन्सिडरिंग चेंजिंग माय जॉब’. दोन ‘-इंग’ लागोपाठ आले म्हणून बिचकू नका, इंग्रजीत ते चालतं.

‘मानणे’ या अर्थी मात्र ‘आय कन्सिडर हर अ गुड टीचर’ असं साधंच रूप घ्यायचं, ‘आय अ‍ॅम कन्सिडरिंग’ नको.

विनंतीसाठी तर हे क्रियापद फारच कामाचं. घरमालकाला ‘प्लीज रिड्यूस द डिपॉझिट’ लिहिण्याऐवजी ‘वुड यू कन्सिडर रिड्यूसिंग द डिपॉझिट?’ लिहून पाहा. मागणी तीच राहते, पण निर्णय समोरच्याच्या हातात आहे हे त्याला जाणवतं.