नीरफणसाचं धोंडस बिघडतं कुठे? या चुका टाळा

श्रावण लागला की चोर्ला घाटातून वर येणाऱ्या गाड्यांत आणि आंबोलीमार्गे सावंतवाडीहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्यांत नीरफणस (ब्रेडफ्रूट) दिसू लागतो. बेळगाव-खानापूरकडे त्याचे रव्यात घोळवून काप होतात, भाजी होते, आणि ते बहुतेकांना नीट जमतं. गोड करायला घेतलं की मात्र गणित चुकतं. मधे ओलं, तळाला करपलेलं, नाहीतर डिंकासारखं चिकट. मग दोष ओव्हनवर जातो. माझ्या मते ओव्हनचा वाटा त्यात थोडाच असतो. खरी चूक फळ निवडताना आणि ते किती पिकलंय हे न बघता माप घेताना होते.

धोंडस म्हणजे केकसारखा भाजलेला गोड पदार्थ; मूळचं तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, पातेल्याच्या वर-खाली निखारे ठेवून भाजलेलं. नीरफणसाचं त्याच वळणावर जातं: गर, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, नारळाचं दाट दूध, तूप, वेलची-जायफळ आणि चिमूटभर मीठ.

फळ कुठल्या अवस्थेत आहे?

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबू या. नीरफणस घाटाखालचा. त्याला उबदार, दमट हवा लागते. बेळगावची सुमारे ७५० मीटर उंचीवरची थंडी या झाडाला मानवत नाही. त्यामुळे आपल्या हातात येतं ते तोडून प्रवास केलेलं फळ. तोडल्यावर ते थांबत नाही, पिकत राहतं. एक ते तीन दिवसांत कडक फळ मऊ पडतं आणि त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. शनिवारी घेतलेलं फळ सोमवारी तेच राहत नाही, मग माप तरी तेच कसं राहील?

कोवळं फळ हिरवंगार असतं, सालीवरची नक्षी उठून दिसते आणि देठ कापला की पांढरा चीक धो-धो वाहतो. हे गोडासाठी घेऊच नका. शिजून मऊ होतं, पण चव येत नाही. कितीही गूळ घाला, भाजीची आठवण जात नाही. जून फळ पिवळसर हिरवं दिसतं, नक्षी सपाट झालेली असते आणि सालीवर वाळलेल्या चिकाचे तपकिरी डाग असतात. धोंडसाला हे उत्तम. तिसरं पूर्ण पिकलेलं: बोट दाबलं की दबतं, गोड वास येतो. हेही चालतं, पण त्याचं माप वेगळं.

जून फळाचा शिजवून कुस्करलेला अर्धा किलो गर असेल तर २०० ग्रॅम गूळ, १५० ग्रॅम रवा, एक मोठी वाटी (२०० मिली) नारळाचं दूध आणि चार मोठे चमचे तूप घ्या. पिकलेल्या फळाचा तेवढाच गर असेल तर गूळ १२० ग्रॅमवर आणा, नारळाचं दूध निम्मं करा आणि रवा २०० ग्रॅमपर्यंत वाढवा. पिकलेला गर शिजवायचीही गरज नाही. हा फरक न पाळल्यानेच मधला भाग तासभर भाजूनही ओला राहतो.

इंटरनेटवरच्या कृती उचलताना हेच बघा. कॅरिबियन बेटांवर हे फळ कॅप्टन ब्लाय यांनी ताहितीहून १७९३ साली नेलं, आणि तिथे ते मुख्यतः जून अवस्थेत, बटाट्याच्या जागी खाल्लं जातं. हवाईकडच्या गोड पदार्थात मात्र पूर्ण पिकलेला गर नारळाच्या दुधात कालवून भाजतात. एकीकडचं फळ आणि दुसरीकडचं माप घेतलं की पदार्थ फसणारच.

बाजारात भाजीचा कोवळा फणसही शेजारीच ठेवलेला असतो. फणसाची साल काटेरी, नीरफणसाची बोथट चौकटींची. मंगळूरकडचा विक्रेता असेल तर ‘जीगुज्जे’ म्हणा, लगेच कळेल.

आणि फळ पिकू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांखाली साल काळी-तपकिरी पडते आणि फळ नीट पिकत नाही. एखाद-दुसरा दिवस थोपवायचं असेल तर बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. त्याहून जास्त थांबायचं असेल तर शिजवून, कुस्करून गर फ्रीझरमध्ये टाका.

चीक, काळेपणा आणि मिक्सर

देठ कापून फळ थोडा वेळ उलटं ठेवा, चीक निथळू द्या. सुरीला, विळीला आणि हाताला आधीच खोबरेल लावा; नंतर लावून उपयोग नाही. मधला चिवट गाभा पूर्ण काढा. फोडी हवेत राहिल्या की काळपट पडतात आणि तोच रंग धोंडसात उतरतो, म्हणून चिरल्या-चिरल्या मिठाच्या किंवा पातळ ताकाच्या पाण्यात टाका. शिजवण्याआधी धुऊन घ्या.

फोडी पाण्यात बुडवून उकडू नका, त्या पाणी पितात. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवा, दोन शिट्ट्या पुरतात.

त्यानंतर मिक्सरला हात लावू नका! शिजलेलं पीठूळ फळ पात्याखाली फिरलं की चिकट लगदा होतो आणि मग तो भाजून सुटत नाही. आपल्या घरात पुरणयंत्र असतंच. गरम असतानाच फोडी त्यातून काढा, गर मोकळा, रवाळ पडतो. पुरणयंत्र नसेल तर जाड खिसणी चालेल.

गूळ आणि नारळाचं दूध

पावसात गूळ पाझरतो. असा ओला गूळ मोजून घातला तर त्यासोबत पाणीही जातं. तो तुपात मंद आचेवर विरघळवून, गाळून, जरासा आटवून घ्या. पाक कोमट झाल्यावरच नारळाचं दूध घाला. उकळत्या पाकात ओतलं तर दूध फुटतं आणि तूप वर तरंगतं. दूध फुटलंच तर टाकून देऊ नका, रव्यात मिसळून नीट घोटा, भाजल्यावर फारसं कळत नाही.

सोडा पाव चमच्यापेक्षा जास्त नको. गुळाबरोबर जास्त सोड्याने रंग काळपट लाल होतो आणि साबणासारखी चव लागते. मला विचाराल तर धोंडसाला सोडा नसला तरी चालतो, ते केकइतकं फुगायचं नसतंच.

रवा कोरडा घातला तर दाताखाली करकरतो आणि वरून भेगा पडतात. भाजून घ्या, मिश्रणात घालून अर्धा तास मुरू द्या. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पण पळीतून पडेल इतकं सैल हवं.

भाजताना

ओव्हन आधी १८० अंशांवर तापवा. डब्यातला थर दोन इंचांपेक्षा जाड नको; मधे कच्चं राहण्याचं हेही एक कारण आहे. पन्नास मिनिटं ते तासभर लागतो. वरून लवकर लाल झालं तर फॉइल झाका, आच वाढवू नका. पावसात लाइट गेली तर दार उघडून बघत बसू नका, आतली ऊब बराच वेळ टिकते.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून, वर जाळी ठेवून भाजा. तळ करपतो तो डबा थेट मिठावर टेकवल्याने. दिवाळीत नानकटाई भाजून देणाऱ्या बेकरीत डबा द्यायचा असेल तर पाव काढून झाल्यानंतरची उतरती भट्टी मागा. पावाच्या तापात वरचा भाग जळेल आणि आत कालवण राहील.

सुई कोरडी येण्याची वाट बघू नका. या पदार्थात ती जराशी ओलसरच येते. कडा डब्यापासून सुटल्या आणि मधला भाग दाबल्यावर परत वर आला की झालं.

आता घाईची चूक. गरम गरम कापलं तर ते कच्चंच वाटतं आणि पुन्हा ओव्हनमध्ये जाऊन कोरडं पडतं. चार-पाच तास निवू द्या, पीठ तेव्हाच घट्ट बसतं. दुसऱ्या दिवशी चव अधिक चांगली लागते. नारळ असल्याने बाहेर एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. फ्रीजमध्ये चार दिवस राहतं. पूर्ण निवल्यावरही मधे चिकट वाटलं तर वड्या पाडून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून घ्या.