आयर्लंडच्या संसदेतील चर्चा अभ्यासासाठी कशी वाचावी

मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्या 1937 च्या संविधानातून घेतली, हे वाक्य नांदेड-परभणीकडचा राज्यशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. मात्र ज्या 45 व्या अनुच्छेदात ती तत्त्वे आहेत, तो ती केवळ संसदेच्या मार्गदर्शनासाठी असल्याचे सांगतो आणि न्यायालयांना त्यापासून दूर ठेवतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यामुळे तेथील घर, आरोग्य किंवा निराधारांची काळजी या प्रश्नांचा अभ्यास करताना सभागृहाचे इतिवृत्त टाळून चालत नाही. कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे डॉलची, 1919 पासूनची इतिवृत्ते संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

विषय एकच घ्यावा आणि तो काही वर्षे मागे नेऊन वाचावा. घरभाड्याचे उदाहरण घेऊ. पुण्यात खोली शोधलेल्या आपल्याकडच्या मुलांना तो प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आयर्लंडमध्ये डिसेंबर 2016 मध्ये, जेथे भाडी भडकली होती अशा निवडक भागांत, वार्षिक वाढीवर 4 टक्क्यांची मर्यादा आली. 2021 च्या अखेरीस महागाईचा दर आणि 2 टक्के यांपैकी जे कमी असेल तेवढीच वाढ मान्य झाली आणि जून 2025 मध्ये हे नियंत्रण देशभर लागू झाले. या तिन्ही वेळच्या चर्चा शेजारी ठेवून वाचताना पक्ष कोणत्या बाकांवर बसला होता हे आधी टिपून ठेवावे. फियना फॉल हा पक्ष 2016 मध्ये सरकारबाहेर राहून अल्पमतातील सरकार तगवत होता, तर 2020 पासून तो सत्तेत आहे. त्याच्या सदस्यांचे युक्तिवाद त्या संदर्भाशिवाय वाचले तर विसंगत वाटतात.

विधेयकाचे पाच टप्पे असतात. धोरणाच्या तत्त्वावरील वाद दुसऱ्या टप्प्यात मिळतो आणि कलमवार बारकावा तिसऱ्या, म्हणजे समितीच्या टप्प्यात; वेळ कमी असेल तर हे दोनच वाचावेत.

प्रश्नोत्तरांची ओळख आपल्या विधिमंडळावरून करून घेता येते, जरी साम्य ढोबळच आहे: तोंडी प्रश्न म्हणजे आपले तारांकित, लेखी म्हणजे अतारांकित आणि सभागृहाच्या अध्यक्षांनी निवडलेले तातडीचे स्थानिक विषय म्हणजे साधारण आपली लक्षवेधी. माझ्या मते सर्वांत कसदार माहिती लेखी उत्तरांत असते, कारण तेथे टाळ्यांसाठी बोलायचे नसते. तरीही आरोग्याच्या प्रश्नांवर, हा विषय सेवा चालवण्याशी संबंधित असल्याने तो आरोग्य सेवा यंत्रणेकडे थेट उत्तरासाठी पाठवला आहे, असे मंत्री अनेकदा कळवतात. अशा वेळी खरी माहिती इतिवृत्तात नसते आणि तेवढ्यावरून शासनाची भूमिका ठरवणे चुकीचे ठरते. हीच चूक मी सुरुवातीला केली होती. विरोधी सदस्याने प्रश्नात दिलेला आकडा मी शासनाचा म्हणून उतरवून घेतला आणि पूर्ण प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

स्थानिक रुग्णालयाचा किंवा एखाद्या रस्त्याचा विषय वारंवार आलेला दिसला तर तो क्षुल्लक म्हणून सोडू नये. 174 सदस्य 43 मतदारसंघांतून निवडले जातात, म्हणजे प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच, तेही पसंतीक्रमाच्या मतदानाने. त्यामुळे सदस्याची स्पर्धा स्वतःच्या पक्षातील सहकाऱ्याशीही असते आणि गावाकडचा प्रश्न सभागृहात मांडणे ही त्याची गरज ठरते.

नोंद करताना तारीख, सदस्याचे नाव, त्या दिवशीचे पद आणि प्रश्न की उत्तर, या चार गोष्टी एकाच ओळीत लिहाव्यात. आयरिश भाषेतील भाषण इतिवृत्तात त्याच भाषेत छापलेले असते. तेथे यंत्रानुवादावर विसंबून उद्धरण देण्यापेक्षा ते भाषण बाजूला ठेवावे.