देखाव्यातला रेडिओ बोलता करायचा तर

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोव्यासाठी गुप्त प्रक्षेपण सुरू केलं. कोकणी आणि पोर्तुगीजमधून, आधी आंबोलीच्या, मग कॅसलरॉकच्या जंगलातून. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ते चाललं. बेळगाव-खानापूरकडच्या मंडळांना गणपतीच्या देखाव्यात हा प्रसंग घ्यायचा असेल, तर जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ सेट नुसता मांडून भागत नाही, तो बोलला पाहिजे. त्यासाठी स्टेशन पकडणारी तार, म्हणजे एरियल हवी.

शॉर्टवेव्हवरच्या ४१ मीटर बँडचा, म्हणजे पट्ट्याचा मध्य ७.३ मेगाहर्ट्झ धरा. अर्ध्या लहरीइतकी तार किती मीटर, हे काढायला १४२.५ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागतात. १४२.५ भागिले ७.३, म्हणजे साडेएकोणीस मीटर. त्याचे दोन हात, प्रत्येकी पावणेदहा मीटर. गाठीसाठी वीस सेंटीमीटर जास्त कापा. घरच्या वायरिंगची तांब्याची वायर चालते. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, पुढे नायलॉनची दोरी. मध्यावर दोन्ही हातांना दुपदरी वायरची एकेक तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडा आणि खाली सेटच्या एरियल व अर्थच्या भोकांत घाला. दोरी फणसाला बांधलीत तर ढील ठेवा. वाऱ्यात फांदी डोलली की ताणलेली तार नेमकी डागाच्या जागी तुटते. उंची चार-पाच मीटर पुरे. कौलांवरून नेली तरी हरकत नाही, पत्र्यापासून मात्र लांब.

सेट उघडून आधी घरच्या विजेच्या बाजूला (मेन्सचा) ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. नसेल तर चासीतच, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यातच, करंट असू शकतो. तो सेट देखाव्यात नकोच. असेल तर पहिल्यांदा ६० वॉटचा जुना, तारेचा बल्ब सेटच्या विजेच्या वायरीत सिरीजमध्ये घालून चालू करा. बल्ब झगझगीत पेटूनच राहिला तर बंद करा. बहुतेक वेळा सेटच्या आतला वीजपुरवठा सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर गेलेला असतो.

दुपारी ४१ मीटरवर काहीच लागलं नाही म्हणून सेट खोलून बसू नका. अंधार पडल्यावर लावा. घरघर असेल तर मंडपातली एलईडीची माळ बंद करून ऐका. नव्वद टक्के दोष तिचाच, असं आमचं मत. गणपतीत ढग गडगडले की तार सेटमधून काढून बाहेर टाका. उलट प्रक्षेपण करायच्या भानगडीत पडू नका, त्याला परवाना लागतो.

काटा अगदी केसभर सरकवायचा. शॉर्टवेव्हवर स्टेशनं खेटून बसलेली असतात.