पोस्टिंग आली: बिऱ्हाड हलवताना जवानाला मिळणारे पैसे

भारतीय सैन्यात पोस्टिंग आली की सरकार चार गोष्टींचा खर्च उचलते: स्वतःचा प्रवास, कुटुंबाचा प्रवास, घरसामान आणि एक वाहन. या चारांखेरीज बिऱ्हाड हलवण्याबद्दल एकरकमी अनुदान मिळते. फौजेत त्याला सगळे सीटीजी म्हणतात. सध्याची चौकट सातव्या वेतन आयोगानंतरची, 1 जुलै 2017 पासून लागू झालेली आहे.

ट्रकवाल्याला फोन करण्याआधी मूव्हमेंट ऑर्डर शांतपणे वाचा. बदली कायमस्वरूपी ड्यूटीवर आहे की तात्पुरत्या, हे पाहा. तात्पुरत्या ड्यूटीला सीटीजी नाही आणि घरसामानाचे भाडेही नाही. बदली स्वतःच्या विनंतीवरून किंवा परस्पर अदलाबदलीने झाली असेल, तर 'सरकारी खर्चाविना' अशी ओळ बहुधा असते. ती ओळ असेल तर पुढचे सगळे खिशातून. हा शेरा चुकून पडला असे वाटत असेल, तर जुने युनिट सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या. नव्या युनिटचा क्लार्क जुन्या युनिटची ऑर्डर बदलू शकत नाही.

सीटीजी म्हणजे मागच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या 80 टक्के. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपला जाताना किंवा तिथून येताना 100 टक्के. यात मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकांना मूळ वेतनाशिवाय मिळणारी वेगळी रक्कम, धरत नाहीत. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण ते स्लिपवरची मोठी रक्कम धरतात. शिपायाचे मूळ वेतन 21,700 असेल तर हाती येतात 17,360 रुपये. हवालदाराचे 29,200 असेल तर 23,360. पॅकिंग, हमाली, घर ते स्टेशन टेम्पो हे सगळे याच रकमेत आले. त्यांची वेगळी बिले जोडली तर ती कापली जातात आणि दावा फेरतपासणीत अडकतो तो वेगळाच.

दुसरी मेख अंतराची. नवे ठिकाण 20 किलोमीटरच्या आत किंवा त्याच शहरात असेल, तर सीटीजी एक तृतीयांशच मिळतो, तोही राहते घर खरोखर बदलले तर. पुण्यात घोरपडीहून खडकीला बदली झाली आणि क्वार्टर तेच राहिले, तर काही नाही. पती-पत्नी दोघेही सरकारी नोकरीत असून एकाच गावातून एकाच गावी बदलले, तर दुसऱ्याची बदली पहिल्याच्या बदलीपासून 60 दिवसांच्या आत झाल्यास त्याला सीटीजी मिळत नाही. 60 दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत असेल तर निम्मा.

आता घरसामान. खरा पैसा इथे आहे आणि खरे भांडणही. हक्क वेतन-स्तरावर ठरतो. शिपाई, लान्स नाईक आणि नाईक (स्तर 3 आणि 4): 1,500 किलो, रस्त्याने नेल्यास 15 रुपये प्रति किलोमीटर. हवालदार (स्तर 5): 3,000 किलो, 25 रुपये. नायब सुभेदार आणि वरचे: 6,000 किलो, 50 रुपये. हे 2017 चे मूळ दर. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की ते 25 टक्क्यांनी वाढतात, असे त्या आदेशातच आहे. महागाई भत्ता 1 जानेवारी 2024 ला 50 टक्के झाला, म्हणून हिशेब 18.75, 31.25 आणि 62.50 रुपयांचा येतो. क्लार्क जुन्या तक्त्यावरून बिल करत असेल तर ही तारीख दाखवा.

हा दर म्हणजे कमाल मर्यादा, ठोक रक्कम नव्हे. नाईक 1,200 किलोमीटर दूर गेला तर मर्यादा 22,500 रुपये. ट्रकचे बिल 30,000 झाले तरी 22,500 च मिळतील, आणि 19,000 झाले तर 19,000. म्हणून ट्रक ठरवतानाच किलोमीटर गुणिले दर असा हिशेब कागदावर मांडा आणि त्याच्या आत भाव पाडा. परतीच्या रिकाम्या गाडीत किंवा दोन बिऱ्हाडे मिळून एका ट्रकमध्ये हे जमते. मात्र बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची मालपावती, प्रत्येकाच्या नावाची वेगळी हवी.

ट्रक निघण्यापूर्वी या गोष्टी हातात असाव्यात: बिल्टी (गाडीचा नंबर, तारीख, कुठून-कुठे), जीएसटी क्रमांकाचे बिल, वजनकाट्याची पावती आणि पैसे बँकेतून दिल्याचा पुरावा. रोखीने दिलेल्या भाड्यावर हमखास शंका घेतली जाते. बिलावरची तारीख मूव्हमेंट ऑर्डरच्या आधीची नसावी. 'बिल मी करून देतो, सामान नेऊ नका' असे सांगणारे दलाल प्रत्येक छावणीभोवती असतात. गाडीचा नंबर तपासला की तो स्कूटरचा निघतो, आणि मग प्रश्न कापलेल्या रकमेचा राहत नाही, कोर्ट मार्शलचा होतो.

वाहन एकच. हवालदारापर्यंत दुचाकी, नायब सुभेदारापासून मोटार किंवा दुचाकी. आरसी स्वतःच्या नावावर हवी. मेहुण्याच्या नावावरची बुलेट चालत नाही. रेल्वेने पाठवताना पेट्रोल पूर्ण काढावे लागते, आरसीची प्रत लागते आणि पार्सलची पावती दाव्याला जोडावी लागते. गाडीच्या नोंदणीचे राज्य सोडून दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागते. नवी गाडी घेणार असाल तर 2021 पासून मिळणारी बीएच मालिका, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा गाडीचा नंबर, घ्या. सैन्यदलातल्यांना ती मिळते आणि दर पोस्टिंगचा हा व्याप टळतो.

कुटुंबाचा प्रवास पार्ट टू ऑर्डरवर, म्हणजे लग्न-जन्म अशा बदलांच्या युनिटमधल्या अधिकृत नोंदीवर, चालतो. बायकोचे नाव लग्नानंतर चढवले नसेल, बाळाचा जन्म नोंदलेला नसेल, तर त्यांचे भाडे मिळत नाही. पोस्टिंग फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा भागात, असेल तर कुटुंब आणि सामान निवडलेल्या राहत्या जागी, म्हणजे एसपीआरला, नेता येते. गाव असो वा शहर, ती जागा आधी लेखी कळवा. पुढच्या पोस्टिंगला कुटुंबाच्या प्रवासाचा हिशेब तिथूनच धरतात. मुलांच्या शाळेचा विचार न करता घाईत गावाचे नाव लिहून टाकणारे नंतर पस्तावतात.

आगाऊ रक्कम जुन्या युनिटमधूनच घ्यावी आणि ती एलपीसीवर, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या दाखल्यावर, नोंदली आहे का ते पाहावे. पोहोचल्यावर दावा 60 दिवसांच्या आत सादर करायचा. हवालदाराला नव्या कंपनीत रुळायला तेवढे दिवस सहज जातात. उशीर झाला की हक्क बुडतो, घेतलेली आगाऊ रक्कम पगारातून एकरकमी वळती होते आणि वर दंडव्याज लागते. दावा कार्यालयात दिल्याची डायरी नंबरसह पोच घ्या आणि सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये ठेवा. अधिकाऱ्यांचे दावे पुण्याच्या पीसीडीए (ओ), म्हणजे अधिकाऱ्यांच्या लेखा कार्यालयाकडे जातात. जवानांचे युनिटमार्फत लेखा कार्यालयात. आक्षेप आला तर चिठ्ठीवर नेमका कोणता कागद मागितला आहे ते वाचा आणि तेवढाच पाठवा. सगळी फाइल पुन्हा पाठवली की ती पुन्हा पहिल्या टेबलावर जाते.