पावनखिंडीच्या निमित्ताने: नव्या इतिहासप्रेमींची पहिली बैठक कशी घडवावी

कोल्हापुरात जून संपत आला आणि पन्हाळ्यावर ढग उतरू लागले की पावनखिंडीचा विषय निघतोच. एकमेकांना कधीही न भेटलेली दहा-बारा माणसे केवळ या एका लढाईच्या ओढीने एकत्र जमतात. ती पहिली बैठक नीट पार पडली तर वर्षानुवर्षे टिकणारा गट तयार होतो, नाही तर चहा पिऊन पांगलेली माणसे पुन्हा भेटत नाहीत. अशा बैठका भरवताना जे हाती लागले ते येथे मांडतो. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच की, इतिहासप्रेमी माणसाने आपली ओळख स्वतःजवळच्या माहितीने करून देण्याऐवजी स्वतःला पडलेल्या प्रश्नाने करून द्यावी.

बैठकीपूर्वी

बारापेक्षा जास्त माणसे बोलावू नयेत. वाचनालयाची एखादी खोली, शाळेचा रिकामा वर्ग किंवा कोणाच्या घरचा सोपा पुरेसा होतो. सतरंजी अंथरून गोल बसावे, कारण खुर्च्यांच्या रांगा मांडल्या की समोरचा माणूस वक्ता होतो आणि बाकीचे आपोआप श्रोते होतात. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशीच भेटू, असा आग्रह कोणीतरी धरतोच, पण पावसाळी रविवारच्या गर्दीत छत्री सांभाळत कोणाचे बोलणे धड ऐकू येत नाही. गड दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा.

निमंत्रकाने पहिल्या पाच-सात मिनिटांत घटनाक्रम सर्वांपुढे ठेवावा, म्हणजे नवख्या माणसाला आपण मागे पडलो असे वाटत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि त्यानंतर अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. खेळणा किल्लाही घेतला गेला आणि त्याचे नाव विशाळगड झाले. स्वराज्याची दक्षिण सरहद्द अशी काही आठवड्यांत कोल्हापूरच्या मुलखापर्यंत पुढे सरकली, आणि पुढचे सारे या नव्या, अजून न रुजलेल्या सरहद्दीवर घडले, ही गोष्ट निमंत्रकाने ठासून सांगावी, कारण तिच्याशिवाय या लढाईचा अर्थ लागत नाही. १६६० च्या मार्चमध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रज वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीला आला. नेताजी पालकर आणि सिद्दी हिलाल यांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. तिकडे मे महिन्यात शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला होता, त्यामुळे महाराजांना गडावर अडकून पडणे परवडणारे नव्हते. १२ जुलैच्या रात्री सुमारे सहाशे माणसांनिशी ते बाहेर पडले. शिवा काशीद महाराजांचे रूप घेऊन शत्रूच्या हाती गेले. सिद्दी मसूदने पाठलाग केला, तेव्हा गजापूरच्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे वाट अडवून उभे राहिले. विशाळगडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा होता, तो फोडून महाराज गडावर पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरात पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला, आणि ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी तो परत घेतला.

एवढे सांगून निमंत्रकाने थांबावे. त्याला आणखी पुष्कळ ठाऊक असते आणि ते सांगण्याची उर्मीही येते, परंतु त्या क्षणी ती आवरणे हेच त्याचे काम आहे.

ओळख करून देताना

प्रत्येकाने दोन ते तीन मिनिटे बोलावे आणि तीन गोष्टी सांगाव्यात: आपण कुठले, ही लढाई आपल्यापर्यंत प्रथम कशी पोहोचली, आणि तिच्याविषयी अजून न सुटलेला आपला एक प्रश्न कोणता. दुसऱ्या गोष्टीपाशी माणसे मोकळी होतात. कोणाला चौथीचे इतिहासाचे पुस्तक आठवते, कोणाला गणपतीच्या मंडपातला पोवाडा, कोणाला आजोबांनी बोट धरून दाखवलेला पन्हाळ्यावरचा बाजीप्रभूंचा पुतळा. तिसऱ्या गोष्टीपाशी ती एकमेकांशी जोडली जातात, कारण आपलाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की अनोळखीपणा उरत नाही.

नमुन्यादाखल अशी ओळख करून देता येईल: "नमस्कार. मी मूळचा शाहूवाडी तालुक्यातला, सध्या राजारामपुरीत राहतो आणि दुकान चालवतो. लहानपणी विशाळगडाला जाताना वडिलांनी एसटीच्या खिडकीतून खिंडीची दिशा दाखवली होती, तेव्हापासून हा विषय मनात आहे. मला पडलेला प्रश्न असा की, पाठलाग करणाऱ्यांना खिंड टाळून जाता येईल अशी दुसरी वाट नव्हती का?" या चार वाक्यांत पदवी नाही, वाचलेल्या पुस्तकांची यादी नाही आणि सर केलेल्या किल्ल्यांचा आकडाही नाही. तरीही हा माणूस लक्षात राहतो आणि बैठक संपल्यावर दोघे-तिघे त्याच्याभोवती नकाशा घेऊन बसतात.

आडनावाची चौकशी करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. या लढाईत बाजीप्रभू होते, बांदल होते, शिवा काशीद होते, महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलालही होते. ज्या घटनेत इतक्या घरांतली माणसे एका कामासाठी उभी राहिली, तिच्या बैठकीत समोरच्याचे घराणे विचारत बसणे त्या घटनेलाच शोभत नाही. सुरुवातीला सर्वांना अहो-जाहो करावे, वडीलधाऱ्यांना काका किंवा काकू म्हणावे. अरे-तुरे आणि 'भावा' पुढच्या दोन भेटींत आपसूक येते, ते ओढून आणू नये. शत्रूपक्षाबद्दल बोलतानाही तोल सांभाळावा. सिद्दी जौहर हा जिद्दीचा सेनापती होता आणि भर पावसातही त्याने वेढा उठवला नाही. त्याला हलके लेखले की त्याच्या वेढ्यातून निसटणाऱ्यांचे कर्तृत्वही हलके होते.

एका बैठकीतला प्रसंग माझ्या मनावर कोरला गेला आहे. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातले एक काका सगळ्यांची ओळख होईपर्यंत गप्प बसून होते. त्यांची पाळी आली तेव्हा, आपण काही वाचलेले नाही, असे म्हणून ते थांबले. मग म्हणाले की, आमच्या घरात पालखीला खांदा देण्याची रीत आहे, म्हणून मला एकच विचारायचे आहे, महाराजांच्या पालखीचे भोई खांदा कसा बदलत असतील? असे म्हणून ते उठले, शेजारच्या तरुणाला समोर उभे केले आणि दोघांच्या खांद्यांवर एक छत्री आडवी ठेवून त्यांनी दाखवले. येणारा भोई मागून दांडीखाली शिरतो, दोन पावले दोघांच्याही खांद्यावर भार राहतो, मग पहिला बाजूला निघतो, आणि या साऱ्यात पालखी थांबत नाही, कारण थांबलेली पालखी पुन्हा चालती करायला दुप्पट दम लागतो. आषाढातला चिखल, अंधार, जांभ्या दगडावरचे शेवाळ आणि हा खांदेपालट, असे सारे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले. पुस्तकांत बुडालेले आम्ही सगळे त्या दिवशी त्यांचे विद्यार्थी झालो. अशा माणसाला बोलते करणारी बैठक हीच चांगली बैठक, असे माझे मत आहे.

मतभेद झाल्यास

मतभेद होणारच, आणि ते व्हावेत. मात्र पहिल्याच भेटीत ते कसे हाताळले जातात यावर पुढचे सारे अवलंबून असते. आमच्या अगदी सुरुवातीच्या एका बैठकीत ओळख होण्याआधीच, महाराज पोहोचल्याची खूण म्हणून विशाळगडावरून झालेल्या तोफांच्या आवाजाचा वाद पेटला. तोफा किती झाल्या, खिंडीपर्यंत आवाज पोहोचेल का, यावर दोघे जण तासभर भांडले आणि त्या दिवशी नव्याने आलेले दोन महाविद्यालयीन विद्यार्थी पुन्हा फिरकले नाहीत. चूक माझी होती, कारण बैठक मी बोलावली होती आणि मी वाद थांबवला नाही.

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. कोणीही विधान केले की त्याला शांतपणे "याला आधार कोणता?" एवढेच विचारायचे, आणि उत्तर तीनपैकी कोणत्या पातळीवरचे आहे ते वहीत नोंदवायचे: त्या काळातले पत्र किंवा लेखन, नंतरची बखर, किंवा लोकपरंपरा. यात परंपरेला कमी लेखण्याचा हेतू नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला नेबापूरजवळ शिवा काशीद यांची समाधी आहे, आणि गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण हाही इतिहासाचा एक दस्तऐवज आहे. फक्त तो कोणत्या प्रकारचा दस्तऐवज आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

काही वाद मात्र पंचांग उघडले की मिटतात. महाराज पन्हाळ्यावरून निघाले ती रात्र आषाढातल्या पौर्णिमेची होती. तिची १२ जुलै १६६० ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, कारण इंग्रज त्या काळी तीच पद्धत वापरत असत आणि शिवकालातल्या तारखा आपल्याकडे तशाच रूढ झाल्या. आज आपण वापरतो त्या पद्धतीत दहा दिवस मिळवावे लागतात, म्हणजे ती तारीख २२ जुलै होते. म्हणून आज १२ जुलैला गडावर गेलेल्या माणसाला त्या रात्रीसारखा चंद्र मिळेलच असे नाही. तो पाहायचा असेल तर गुरुपौर्णिमेला जावे, आणि बहुधा तो ढगांआडच असेल, जसा त्या रात्री असावा. नवख्या मंडळींना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, आणि तारखेवरून हमरीतुमरीवर आलेले दोघेही बरोबर ठरतात.

सारागढीची किंवा प्राचीन ग्रीकांनी खिंड अडवून लढलेल्या थर्मापिलीची तुलना कोणीतरी काढतेच. काढू द्यावी, पण फरकही दाखवावा. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान दोन किल्ल्यांमधले संदेशाचे ठाणे राखत होते. घोडखिंडीत राखायची होती ती वेळ, कारण महाराज गडावर पोहोचेपर्यंतचा प्रत्येक प्रहर मोलाचा होता.

नकाशा, सुतळी आणि पहिली चाल

बैठकीचा शेवटचा अर्धा तास हातांना काम द्यावे. मोठा नकाशा सतरंजीवर पसरावा आणि एक सुतळी घेऊन राजदिंडी (पन्हाळ्यावरून उतरणारी वाट), म्हाळुंगे, मसाई पठार, पांढरपाणी, पावनखिंड आणि विशाळगड अशी वाट सर्वांनी मिळून मांडावी. पन्हाळा ते विशाळगड सरळ रेषेत साधारण चाळीस किलोमीटर भरते, पण डोंगरांच्या सोंडा आणि ओढे यांना वळसे घेत सुतळी टाकली की ती साठीच्या घरात जाते. हे बोटांनी मोजलेले अंतर माणूस विसरत नाही. सुतळी धरायला चार हात लागतात, आणि त्या चार हातांतूनच अनेकदा पुढची मैत्री सुरू होते.

पहिली चाल छोटी ठेवावी. पूर्ण मोहीम दोन दिवसांची आहे आणि पावसात ती नवख्याचा घाम काढते, म्हणून पहिल्या वेळी राजदिंडीतून उतरून मसाई पठारापर्यंत जाऊन परतावे. चांगली पकड असलेले बूट, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि भाकरी-चटणी एवढे बरोबर असले म्हणजे झाले. सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे ठेवावा.

खिंडीत जाल तेव्हा प्रथम पाच मिनिटे कोणीही बोलू नये. त्यानंतर वही काढून पहिल्या बैठकीत नोंदवलेले प्रश्न एकेक करून मोठ्याने वाचावेत. दुकानदाराने विचारलेली दुसरी वाट तेथे उभे राहून शोधता येते, आणि भोयांनी खांदा कोठे बदलला असेल याचा अंदाज चढ पाहून बांधता येतो. ज्याचा प्रश्न सुटेल त्याने त्यापुढे तारीख घालावी आणि खाली नवा प्रश्न लिहावा.